माणसाच्या चालीची सायकल

उत्सवासाठी विजेची सायकल बनवायची म्हटलं की कॉलेजातली पोरं पहिला प्रश्न विचारतात, "काका, किती पळेल?" मी उलट विचारतो, "किती हळू चालवायची आहे?" मिरवणुकीतल्या गाडीची परीक्षा तिथेच होते. ताशी २५ किलोमीटर पळणारी सायकल आज कुठल्याही शोरूममध्ये मिळते. पण दोन पावलं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा दोन पावलं, अंगावर दिव्यांचा सगळा साज आणि वरून भाद्रपदातला पाऊस, असे आठ-आठ तास काढणारी सायकल विकत मिळत नाही. ती आपली आपणच बांधावी लागते.

पुण्यात मंडईच्या मागच्या बोळात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटरी, जे जळेल ते माझ्याकडे येतं. धंदा वडिलांपासूनचा. श्रावण लागला की ते मंडळांच्या लायटिंगची कामं घेत. तेव्हा आजच्यासारखे चिप बसवलेले दिवे नव्हते. चालते दिवे करायचे तर लाकडाचा गोल रूळ घ्यायचा, त्यावर तांब्याच्या पत्र्याच्या लहान-मोठ्या पट्ट्या ठोकायच्या आणि तो छोट्या मोटरवर सावकाश फिरवायचा. वरून स्प्रिंगच्या पात्या टेकलेल्या असत. ज्या पातीखाली तांबं येईल, तेवढेच बल्ब लागत. मोराचा पिसारा कुठून उलगडणार, चक्र कुठल्या अंगाला फिरणार, हे सगळं त्या पट्ट्यांच्या लांबीवर आणि जागेवर ठरायचं. ठिणग्यांनी तांबं काळं पडलं की पॉलिशपेपर मारून ते पुन्हा उजळ करायचं. हे काम माझ्याकडे असे. दिव्यांचं वेड मला त्या रुळापासून लागलं.

आणि मंडईत राहून मिरवणुकीचं वेड लागणार नाही असं कसं होईल? अनंत चतुर्दशीला सकाळी इथल्या लोकमान्यांच्या पुतळ्यापासूनच मानाच्या गणपतींची मिरवणूक निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते आणि अलका टॉकीजच्या चौकाकडे जाते. एरवी रमतगमत गेलं तरी अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पण सगळी मंडळं त्या चौकातून पुढे सरकेपर्यंत चोवीस तासांहून जास्त वेळ जातो. आमचं अखिल मंडई मंडळ १८९४ सालचं. शारदा-गजाननाचा रोषणाईचा रथ रात्री रस्त्यावर आला की माणसं गॅलऱ्यांतून वाकून बघतात. त्या रथांचा थाट सगळ्यांना दिसतो. मला आधी दिसतो तो त्यांचा संथपणा. एवढं वजन, एवढे दिवे, आणि चाल माणसाच्या पावलाहून कमी. गाडी पळवण्यापेक्षा ही चाल सांभाळणं कितीतरी कठीण आहे, हे यंत्राशी ज्याचा संबंध येतो त्याला लगेच पटेल.

तिकडे कॅलिफोर्नियात माझी भाची असते. एक दिवस तिचा फोन आला. "मामा, मला वाळवंटात न्यायला विजेची सायकल बनवायचीय. हजार वॅटची मोटर बघून ठेवलीय." वाळवंटात कशाला, तर नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचं एक कोरडं पडलेलं सरोवर आहे. तिथे ऑगस्टच्या अखेरीला 'बर्निंग मॅन' नावाचा उत्सव भरतो. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका समुद्रकिनाऱ्यावर काही मित्रांनी लाकडाचा पुतळा जाळला, तिथून त्याची सुरुवात. १९९० पासून तो वाळवंटात गेला. आता सत्तर हजारांच्या आसपास माणसं जमतात, आठवडाभराचं तात्पुरतं शहर उभं राहतं, आणि त्या शहरात फिरायचं साधन म्हणजे सायकल. प्रत्येक जण आपली सायकल सजवतो. मासा, घोडा, ढग, जे मनात येईल ते. रात्री सायकलीवर आणि अंगावर दिवे हवेतच, नाहीतर अंधारात कोणी तरी येऊन धडकतं. आणि मोटारगाड्यांना वेगाची मर्यादा किती? ताशी ५ मैल. म्हणजे आपले आठ किलोमीटर.

मी तिला म्हटलं, "अगं, आठ किलोमीटरनं जायला हजार वॅट कशाला?"

"मऊ धूळ असते ना मामा."

या तिच्या बोलण्यात तथ्य होतं, त्याकडे पुढे येतो. २०२५ साली तिचा उत्सव २४ ऑगस्टला सुरू झाला आणि आपली गणेश चतुर्थी होती २७ ऑगस्टला. तिची सायकल तिकडे आणि आमच्या आळीतल्या छोट्या मंडळाची इकडे, दोन्ही एकाच वेळी बांधायला घेतल्या. व्हिडिओ कॉलवर ती तिच्या गॅरेजमध्ये, मी माझ्या दुकानात.

आता मोटरचं सांगतो, कारण लोकांची फसगत इथेच होते. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच आत उलटा विद्युतदाब तयार करते आणि येणारा करंट आवरते. जितकी जोरात फिरेल तितका करंट आटोक्यात. चाक जवळजवळ थांबलेलं असलं की हा उलटा दाब नसतो. मग कंट्रोलर देईल तेवढा सगळा करंट तांब्याच्या तारेतून जातो आणि त्याची उष्णता होते. गर्दीत गाडी ढकलत राहणारी मोटर पळणाऱ्या मोटरीपेक्षा लवकर तापते, ती यामुळे. तारेवरचं वार्निश एकदा जळलं की त्याचा जो उग्र वास येतो, तो माझ्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

यावर उपाय म्हणजे गियर असलेली हब मोटर घ्यायची. हब मोटर म्हणजे चाकाच्या तुंब्यातच बसवलेली मोटर. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन या माणसाला मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलीचं पेटंट मिळालं, ते ३१ डिसेंबर १८९५ रोजी. हब मोटरीत दोन जाती. एकीत चाक आणि मोटर एकाच वेगानं फिरतात. दुसरीत आत छोटे दातेरी गियर असतात, त्यामुळे मोटर चार-पाच फेरे घेते तेव्हा चाक एक फेरा घेतं. म्हणजे चाक सावकाश असलं तरी आतली मोटर तिच्या सोयीच्या वेगात राहते. मिरवणुकीला ही दुसरी जात. आणि २५० वॅटच्या आत थांबायचं. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची मोटर, ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपेक्षा कमी वजन, एवढं सांभाळलं की ती सायकल कायद्यानं मोटार वाहन धरली जात नाही. नंबरप्लेट नको, लायसन्स नको.

फ्रेम म्हणाल तर मी जुनी काळी पोलादी सायकल घेतो. पुण्यात अजूनही माळ्यावर, जिन्याखाली अशा सायकली पडून आहेत. एकेकाळचं हे सायकलींचं शहर. त्या काळच्या सायकली, त्यांचे दिवे, पंप, घंट्या बघायच्या असतील तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेलं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन आवर्जून जा. पोलादी फ्रेमचा फायदा असा, की मोटर जोर लावते तेव्हा तिचा आस जागेवर फिरू पाहतो आणि ज्या खाचेत तो बसवलेला असतो ती खाच फाकते. ॲल्युमिनियम असेल तर सरळ तुटते. पोलाद हा जोर सहन करतं. तरीही आसाला एक पोलादी पट्टी लावून ती फ्रेमला आवळायचीच. चाक मात्र नवीन बांधून घ्यायचं, ॲल्युमिनियमच्या रिमवर. जुन्या क्रोमच्या रिमवर पावसात ब्रेकचे रबर घसरतात. चाक बांधून आउट काढण्याचं काम मी स्वतः करत नाही, ते हाताच्या सवयीचं काम आहे, जुन्या सायकलवाल्याकडूनच करून घ्यावं. ब्रेकचा दांडा मात्र असा हवा, की तो दाबला की मोटरीची वीज तोडली जाईल. गर्दीत याला तडजोड नाही.

सायकल बांधून झाली की हिशेब करायचा. हा हिशेब मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो. स्वार धरून सव्वाशे किलोची सायकल सपाट डांबरी रस्त्यावर माणसाच्या चालीनं न्यायला वीस वॅटच्या आतबाहेर वीज लागते. एका एलईडी ट्यूबलाइटइतकी! आता दिव्यांकडे या. रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ५ व्होल्टला ६० मिलिॲम्पियर घेतो. मीटरला ३० दिव्यांची ८ मीटर पट्टी लावली तर दिवे झाले २४०, आणि वीज झाली ७२ वॅट. म्हणजे चाकांपेक्षा दिवेच तिप्पट-चौपट खातात. मोठी मोटर आणि तिच्यासाठी मोठी बॅटरी घेऊन निघालेल्या पोरांना हे आकडे कागदावर मांडून दाखवले की ती गप्प होतात आणि मग खऱ्या प्रश्नाकडे वळतात. दिवे किती, कुठे आणि किती उजेडाचे?

माझं उत्तर ठरलेलं आहे. पांढरा रंग टाळायचा, उजेड एक तृतीयांशावर आणायचा. अंधारात केशरी-पिवळा मंद उजेड डोळ्याला जास्त भावतो आणि खर्च येतो २५ वॅटच्या आसपास. पट्टी लांब असेल तर दोन्ही टोकांना वीज द्यायची. एकाच टोकाला दिली तर तारेतल्या तारेत दाब घसरतो आणि दुसऱ्या टोकाचा पांढरा रंग पिवळट, पुढे तांबूस दिसायला लागतो. दिव्यांची बॅटरी चाकाच्या बॅटरीपासून वेगळी ठेवायची. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात. दाब ५ व्होल्टवर उतरवून घेतला की २० ॲम्पियर-तासांची अशी बॅटरी २५ वॅटचे दिवे आठ-नऊ तास सहज चालवते. दिवे गेले तरी सायकल चालते, आणि सायकल बंद पडली तरी दिवे राहतात.

भाचीच्या वाळवंटात हा हिशेब बदलतो. घट्ट बसलेल्या जमिनीवर ठीक, पण मऊ धुळीचा ढीग लागला की चाकाला दसपट जोर लागू शकतो. त्यावर तिनं मोटर वाढवायची म्हटलं, मी टायर रुंद करायला सांगितलं. चार इंची टायर, त्यात हवा कमी. टायर पसरतो आणि धुळीत रुतत नाही. शेवटी तिनं हजार वॅटऐवजी निम्म्या क्षमतेची, गियरची मोटर घेतली.

मोटर बसवून वाहन होत नाही, वाहन नव्यानं विचार करून बांधावं लागतं. हे महाराष्ट्रात फार आधी कोणी ओळखलं असेल तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं. डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९९०च्या दशकात सायकलरिक्षावर काम केलं. आहे त्या जड रिक्षेला मोटर न लावता त्यांनी रिक्षेची रचनाच सुधारली, आणि मोटरच्या मदतीनं चालणारी रिक्षा व पूर्ण विजेवरची रिक्षा अशा दोन्ही बनवल्या. आज रस्तोरस्ती ई-रिक्षा दिसतात, पण तालुक्याच्या गावी हे काम इतक्या आधी झालं होतं, हे आपल्याच लोकांना ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता सजावट. थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मला त्याची उणीव कधी भासली नाही, कारण हाताशी मंडई आहे. ही इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिली. नगरपालिकेचे सदस्य असताना तिच्यावरच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव मिळालं ते त्यांचंच. तिथल्या भाजीवाल्या मावशी फाटक्या पाट्या आणि करंड्या टाकून देतात. मी त्या मागून आणतो. आमच्या आळीतल्या मंडळाला मूषक हवा होता. पाठीचा फुगवटा दोन करंड्या उलट्या बांधून झाला. कानांना दोन सुपल्या. बाकी सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, वर पतंगाचा कागद. एलईडी पट्टी कागदाला चिकटवायची नाही. ती आत कामटीवर बांधायची आणि उजेड सांगाड्याच्या आतल्या अंगावर पाडायचा. मग दिवा दिसत नाही, नुसतं अंग उजळतं. सुपलीच्या विणीतून तो उजेड झिरपतो तेव्हा कानाच्या शिरा दिसल्याचा भास होतो. लहान मुलं हात लावून बघतात. लावू द्यावा, म्हणून तर पाच व्होल्ट.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. सजावट हँडलच्या रुंदीबाहेर जाता कामा नये. भाचीनं आधी मोराचा पिसारा ठरवला होता. मी म्हटलं, वाळवंटातलं वारं त्यात भरेल आणि तुला आडवं पाडेल. तिनं तो रद्द करून जाळीदार कापडाचा मासा केला, ज्यातून वारं आरपार जातं. इकडे गर्दीत तोच पिसारा कुणाच्या डोळ्यात गेला असता.

तिच्याकडचा एक नियम मला मनापासून आवडला. त्या उत्सवात आपण आणलेली प्रत्येक वस्तू आपणच परत न्यायची, जमिनीवर टिकली पडलेलीही चालत नाही. त्यामुळे तिनं पिसं, चमकी, चिकटवलेलं काहीही वापरलं नाही, सगळं शिवलं. त्या वर्षी मूषकही मी सुतळीनं बांधला, एकही तुकडा गोंदानं चिकटवला नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सफाई कामगार काय काय उचलत असतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं कारण सांगायला नको.

धूळ आणि पाणी, दोन्हीकडचे शत्रू तेच. तिकडची माती खारट, क्षारयुक्त. तिथून परतल्यावर लोक व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं सायकली पुसतात. आपल्याकडे गुलाल आणि पाऊस. गुलाल कनेक्टरच्या पिनांत बसतो, चेनमध्ये तेलाशी मिसळून लगदा होतो. कंट्रोलर डब्यात बंद करावा, त्याचं तोंड खाली ठेवावं. चाकात जाणाऱ्या केबलला आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, मोटरीत जात नाही. वाळवंटात कसला पाऊस म्हणून भाची हे टाळत होती. मी तिला २०२३ची आठवण करून दिली. त्या वर्षी तिथे पाऊस झाला, जमिनीचा चिखल झाला आणि हजारो माणसं दिवसच्या दिवस अडकून पडली होती. मग तिनं झोळ दिला.

अनंत चतुर्दशीला आमच्या मूषकावर कोणी बसत नाही. दोन्ही बाजूंना दोन कार्यकर्ते हँडल धरून चालतात आणि कंट्रोलर ताशी सहा किलोमीटरच्या वर जाणारच नाही असा बांधून ठेवलेला असतो. मध्येच ढोल-ताशाचं पथक थांबतं तेव्हा मी हाताचा तळवा चाकाच्या तुंब्यावर ठेवून बघतो. कोमट लागला तर सगळं ठीक. हात ठेववेना इतका तापला, तर मोटर बंद करून सायकल हातानं ढकलायची, त्यात कमीपणा नाही.

शेवटी एक सांगणं आहे, आणि ते मंडळांच्या तरुण कार्यकर्त्यांनी फार मनावर घ्यावं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल जोडून बॅटरी बनवण्याची टूम निघाली आहे. प्रयोग म्हणून शिका, पण ती बॅटरी गर्दीत आणू नका. प्रत्येक सेलचं वय वेगळं, एक जरी बिघडला तरी शेजारच्यांना घेऊन पेटतो, आणि अशी आग विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकते. बॅटरी नवी आणि बिलासह घ्या, तिच्यात सेल सांभाळणारं सर्किट आहे ना ते विचारा, आणि मंडपात कागद-कापडाच्या शेजारी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर फ्यूज बसवा. आणि सगळी वीज एका झटक्यात तोडणारा मोठा लाल खटका गाडीच्या बाहेरच्या अंगाला लावा, सजावटीखाली झाकू नका. तो कुठे आहे आणि कसा दाबायचा, हे बरोबर चालणाऱ्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी पोरांनाही, आरती व्हायच्या आधी दाखवून ठेवा.